एकोणीस नळ्या

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी ती डासमावशी. हे बारसं पहिल्याच वर्षी एका दहा वर्षांच्या पोराने केलं. दंडाला रबरी पट्टा बांधून घेता घेता त्याने विचारलं होतं, "मावशी, तुम्ही दिवसभर लोकांचं रक्तच पिता का?" ती म्हणाली, "मी कसली पिते! मी फक्त गोळा करते. पिणारे वरच्या मजल्यावर बसतात." वरच्या मजल्यावर संशोधन करणारे डॉक्टर बसत. विनोद जिना चढून वर पोचला, तिथलेही हसले, आणि तेव्हापासून शिपायापासून मोठ्या डॉक्टरबाईंपर्यंत सगळे तिला डासमावशीच म्हणू लागले.

हातात मात्र कसब होतं. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते, असं ती म्हणायची आणि खरोखरच दुसरीकडे बघत बोलत बोलत सुई आत घालायची. थंडीत गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवून आधी स्वतःचे हात शेकायची. मुलांना विचारायची, "कोणता हात देणार? लिहायचा की भांडायचा?" पोरगं विचार करेपर्यंत काम झालेलं असायचं. तळमजल्यावरची तिची खोली एवढीशी. एक रुंद हाताची खुर्ची, उंची मोजायची पट्टी, वजनकाटा, लेबलांचं कपाट आणि उन्हाची एक तिरीप यायला पुरेल एवढी खिडकी. अकरा वर्षं ती त्या संस्थेत होती. त्यातली शेवटची सहा एकाच अभ्यासाला दिलेली.

अभ्यास म्हणजे मुलांच्या पेशी कशा म्हाताऱ्या होतात हे बघायचं. दहा वर्षांच्या पोरांचं म्हातारपण मोजणार म्हटल्यावर पालक आधी हसायचे आणि मग घाबरायचे. त्यांना समजावण्याचं काम आपसूक डासमावशीकडे आलं, कारण डॉक्टरबाई समजावू लागल्या की पालकांना दुप्पट प्रश्न पडत. ती सांगायची, "चादरीला कडेने किनार शिवलेली असते ना? धुताना आधी ती झिजते, म्हणून मधलं कापड टिकतं. आपल्या पेशीत धागे असतात, त्यांच्या टोकाला तशीच किनार असते. एका पेशीच्या दोन झाल्या की किनार जराशी तोकडी होते. ती किती उरलीय ते हे लोक मोजतात." वरची मंडळी त्या किनारीला टेलोमिअर म्हणत. वयाबरोबर जनुकांवर चढणाऱ्या आणखी कसल्या कसल्या खुणाही ते बघत, पण मुख्य भर किनारीवर.

तीनशेच्या वर मुलं होती. दहाव्या वर्षी एकदा नमुना घ्यायचा, मग दर दोन वर्षांनी, अठरापर्यंत. ही वर्षं अशी की शरीराला नुसती घाई सुटलेली असते. या वेळी खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळणारा मुलगा पुढच्या खेपेला घोगऱ्या आवाजात 'नमस्कार' म्हणत आत यायचा. त्या घाईत किनारीचं काय होतं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. काहींची भराभर झिजायची, काहींची जागच्या जागी राहायची, आणि काहींची तर दोन वर्षांत चक्क वाढलेली दिसायची. मग आकडेवाले सर डोकं धरून बसत.

पहिल्या वर्षी मुलं कमी पडत होती म्हणून डासमावशीने आपल्या लेकीचंही नाव घातलं. लेक तेव्हा दहाची. त्याच वर्षी तिचा बाप दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. भांडण नाही, तंटा नाही, फोन हळूहळू कमी झाले आणि एक दिवस थांबले. मायलेकी दोघीच उरल्या. डासमावशीने मनाशी ठरवलं होतं की लेकीला याची झळ लागू द्यायची नाही, आणि तिला वाटत होतं की आपल्याला ते जमलं. पोरगी अभ्यासात नीट, बोलण्यात नीट, घरचं सगळं बघणारी. इमारतीतल्या बायका तिला कौतुकाने 'आजीबाई' म्हणायच्या. ते ऐकून आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सहाव्या वर्षी वरच्या मजल्यावर सर्वांना बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. दहाव्या वर्षी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: अंधाराची भीती वाटते का, पोटात दुखतं का, घरी कोणी ओरडतं का. त्यावरून एक्केचाळीस मुलं 'घाबरणारी' ठरली होती. वरची रेघ बाकीच्या मुलांची, ती हळूहळू उतरत होती. खालची रेघ घाबरणाऱ्यांची. दहा ते बारा या दोन वर्षांत ती जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. "भीतीने मुलांच्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. एरवी त्यांचा आवाज कोरडा, त्या दिवशी तो थोडा हलला. सहा वर्षांत प्रथमच काहीतरी ठोस हाती लागलं होतं.

कोणत्या मुलाचा कोणता आकडा हे खालच्या लोकांनी बघायचं नाही असा नियम होता. पण आकडेवाल्या सरांनी यादीचा कागद टेबलावरच ठेवला होता, आणि त्यावर नावं नसली तरी क्रमांक होते. आपल्या पोटच्या पोरीचा क्रमांक कोण विसरेल? ती घाबरणाऱ्यांत होती, आणि तिची किनार त्या एक्केचाळिसांत सगळ्यात जास्त उतरलेल्यांपैकी होती.

पुढचे तीन आठवडे डासमावशीने लेकीकडे नुसतं बघत काढले. केस विंचरताना एखादा पांढरा दिसतो का, जिना चढताना दम लागतो का. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. एका मुलाच्या एका आकड्याला अर्थ नसतो, हे तीच शेकडो पालकांना सांगत आली होती. पण लोकांना सांगणं वेगळं आणि स्वतःच्या काळजाला पटवणं वेगळं. बाप गेला ते वर्ष आपण निभावलं, लेकीला काही कळू दिलं नाही, अशी तिची समजूत होती. आणि इथे पोरीच्या पेशी सांगत होत्या की नाही जमलं बाई तुला.

"आई, तू माझ्याकडे अशी काय बघतेस?" लेक एकदा वैतागून म्हणाली. "मी काय शिळी भाजी आहे?"

चौथ्या आठवड्यात तिने कामाच्या खोलीतलं लेबलांचं कपाट आवरायला काढलं. मन थाऱ्यावर नसलं की ती काहीतरी आवरायला काढी. सगळ्यात खालच्या खणात मागे एक न फोडलेला गठ्ठा सापडला. पिवळी लेबलं. ती गठ्ठा हातात घेऊन तशीच फरशीवर बसली.

अभ्यासाच्या पहिल्या वर्षी एक सवलत होती. मूल फारच घाबरलं, रडून गोंधळ घालू लागलं, तर रक्ताऐवजी थुंकी घ्यायची. रक्ताच्या नळीला लाल लेबल, थुंकीच्या नळीला पिवळं. पुढे ही सवलत बंद झाली आणि बाराव्या वर्षापासून सगळ्यांचं रक्तच घेतलं गेलं. पण त्या पहिल्या वर्षी मध्येच पिवळी लेबलं संपली. मागवलेली तीन महिने आली नाहीत. डासमावशीला मुलांचं रडं बघवायचं नाही. तिने थुंकीच्या नळ्यांना लाल लेबलं लावली आणि कोपऱ्यात पेनाने 'थु' लिहिलं. चालून जाईल म्हणाली. बर्फात गेल्यावर पेनाची शाई टिकत नाही, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, पण तोवर ती हे सगळं विसरलीही होती.

थुंकीत गालाच्या आतल्याही पेशी येतात, रक्तात नुसत्या रक्ताच्या. दोन्हींची किनार सारखी नसते, आणि त्यांच्या यंत्रावर थुंकीची लांब भरायची. हे वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच तर दोन रंगांची लेबलं. दहाव्या वर्षी थुंकी मोजली आणि बाराव्या वर्षी रक्त, तर किनार धाडकन उतरलेली दिसणारच. आणि थुंकी कोणाची घेतली? जे घाबरले त्यांची. खालची रेघ पोरांच्या भीतीने घसरली नव्हती. ती डासमावशीच्या मायेने घसरली होती.

पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती हीच, की म्हणजे माझी लेक ठीक आहे. स्वतःच्या मुलाला टोचायचं नाही असा नियम असल्याने लेकीचा नमुना तेव्हाच्या म्हाताऱ्या सिस्टरांनी घेतला होता. डासमावशी दाराबाहेर उभी होती. आतून लेकीचं रडणं ऐकू आलं, सिस्टर काहीतरी समजावत होत्या, मग सगळं शांत झालं आणि लेक नाक पुसत बाहेर आली. पिवळी लेबलं संपलेली होती तेच ते तीन महिने. थुंकीच घेतली असणार. तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती घरी जाताना रस्त्याने गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी गुणगुणणं संपलं. आता सांगायचं की नाही? सांगितलं तर नोकरीवर गदा. लेबल चुकीचं लावलं, लपवलं, वर यादीही वाचली. आणि न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? म्हाताऱ्या सिस्टर निवृत्त होऊन लांब गेल्या होत्या. पण डॉक्टरबाई शोधनिबंध पाठवणार होत्या, शाळांना कळवणार होत्या, त्या मुलांच्या पालकांच्या सभा घेणार होत्या. आपण तीन आठवडे कसे काढले ते डासमावशीला आठवलं. तसे आता आणखी चाळीस आया काढणार, आणि तेही तिच्या एका 'चालून जाईल'पायी. तिने हात धुतले आणि जिना चढली.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "तुमची मुलगी त्या गटात आहे, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर हे सुचलं नाही ना?"

"माहीत आहे म्हणूनच सुचलं," डासमावशी म्हणाली. "पण खोटं नाही. नळ्या आहेत ना अजून? प्रत्येकाच्या दोन भरल्या होत्या. एक मोजायला गेली, तिथे नुसतं लेबल वाचतात; दुसरी खाली फ्रीजरमध्ये आहे. रक्त लाल असतं, थुंकी पांढरी. उघडून बघा."

"तीनशे नळ्या उघडू?"

"एकोणीस. मी सांगते कोणत्या."

कुठेही नोंद नव्हती, पण तिला सगळी आठवत होती. खुर्चीखाली जाऊन बसलेला. बापाचा शर्ट दातात धरून ठेवलेली. 'मला देवाघरी पाठवताय का' असं विचारणारा. उलटी झालेली, आणि डासमावशीच्याच कपड्यांवर झालेली. तिने एकेकाचं नाव घेऊन वर्णन केलं, डॉक्टरबाईंनी कपाटातल्या बंद यादीतून एकेकाचा क्रमांक काढला. अठरा झाले. एकोणिसावा क्रमांक डासमावशीने स्वतःच सांगितला.

फ्रीजर तळघरात होता, उणे ऐंशी अंशांचा. दार उघडलं की वाफ पायांवर लोळायची. जाड हातमोजे घालून डॉक्टरबाई एकेक नळी काढत, अंगठ्याने वरचा बर्फ पुसत आणि उजेडात धरत. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरीला त्यांनी श्वास सोडला. पाचवीनंतर त्यांचा चेहरा बदलला, आणि डासमावशीला त्यांची मनापासून दया आली. तिची सुटका होत होती आणि त्या बाईची सहा वर्षं वाया जात होती.

"पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं," डॉक्टरबाई नळी परत खाचेत ठेवत म्हणाल्या. "ते तुमचं दयाळूपण निघालं."

अकरावी लाल निघाली. शर्ट दातात धरणारी मुलगी. "हो, हो," डासमावशी म्हणाली, "तिने शेवटी दिला होता हात. माझं चुकलं." बाकीच्या पांढऱ्या. पांढऱ्या सतरा झाल्या. शेवटची नळी काढली तेव्हा डासमावशी हसूच लागली होती. डॉक्टरबाईंनी बर्फ पुसला. मग पुन्हा पुसला.

"ही लाल आहे."

"नीट पुसा."

"पुसलंय. रक्त आहे हे."

"पण ती रडत होती. मी बाहेरून ऐकलं."

"रडत रडतही देतात मुलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे डासमावशीने रोज बघितलं होतं. फक्त स्वतःच्या लेकीच्या बाबतीत ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

वर आल्यावर आकडेवाल्या सरांनी त्या सतरा मुलांचे दहाव्या वर्षीचे आकडे वगळले आणि रेघ पुन्हा काढली. खालची रेघ वर उठून दुसरीला जवळजवळ चिकटली. घाबरणारी मुलं बाकीच्यांसारखीच निघाली. सतरा जणांवरचा डाग गेला आणि तिच्या लेकीचा आकडा होता तिथेच राहिला. "त्या एका आकड्यावर जाऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकच रक्त दोनदा मोजलं तरी दोन आकडे येतात." त्या पुढे म्हणाल्या की सगळं लेखी द्यावं लागेल, चौकशी होईल, आणि तिचं काय करायचं हे त्यांच्या एकटीच्या हातात नाही. डासमावशीने मान डोलावली. नोकरीचं दुःख तिला व्हायला हवं होतं, पण तेवढी जागाच मनात उरली नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लेक इस्त्री करत होती. उद्याचा आईचा पांढरा कोट. आठवड्याचे पाच कोट ती रविवारी धुवायची आणि रोज एक इस्त्री करायची. कधीपासून, ते कोणी विचारलं नव्हतं.

"एक विचारू?" डासमावशी चप्पल काढता काढता म्हणाली. "पहिल्यांदा तुझा नमुना घेतला होता, आठवतं?"

"आठवतं की. म्हाताऱ्या सिस्टर. हात काय थंडगार होते त्यांचे. तू शेकून घेतेस तसं त्या काही करायच्या नाहीत."

"तू रडलीस ना? मला वाटलं थुंकीवर भागवलं."

"त्या म्हणाल्याच होत्या, थुंकी दे म्हणून. मीच म्हटलं, नको, रक्तच घ्या."

"का ग?"

लेकीने कॉलर उलटी केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली. "थुंकी दिली असती तर तुला कळलं असतं ना, की मी घाबरले. तू तेव्हा रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस. म्हटलं, आता माझ्यामुळे आणखी नको. कापूस खिशात घातला, स्वेटरची बाही खाली ओढली आणि आले बाहेर." तिने हे उद्या किती वाजता उठायचं हे सांगावं तसं सांगितलं. "तुला दिसला नाही ना कापूस?"

"नाही."

"मग झालं तर."

डासमावशी भिंतीला टेकली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की नळाच्या आवाजात सगळं झाकलं गेलं. पोरीला झळ लागू दिली नाही याचा तिला अभिमान होता. आणि दहा वर्षांची ही पोरगी पलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती आणि आईला झळ लागू नये म्हणून कापूस लपवत होती. तिला भयंकर लाज वाटली. किनारीचा आकडा खरा असो की खोटा, पोरगी लवकर म्हातारी झाली हे कळायला आता कुठल्याही यंत्राकडे जायची गरज नव्हती.

तिने पुढे होऊन लेकीच्या हातातून इस्त्री घेतली.

"अग, बाही राहिलीय."

"राहू दे. मी करते. तू जा."

"कुठे?"

"कुठेही. मैत्रिणींकडे जा. बागेत जा. जरा उशीर कर."

लेकीने आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग ओढणी घेतली, चपला घातल्या, गॅस बंद आहे की नाही ते दारातूनच वाकून बघितलं. उंबऱ्यावर गेल्यावर ती वळली. "उशीर म्हणजे किती वाजेपर्यंत?" तिने विचारलं, आणि आईचं उत्तर येईपर्यंत ती तिथेच थांबून राहिली.